अठ्ठेचाळीस मैलांचा लोहमार्ग आणि राबणाऱ्या हातांचा वाद

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. निग्रो लोकांना दास्यातून सोडविण्यासाठी त्या लोकांनी दाखविलेल्या औदार्याचा तो सन्मान होता. ज्या यादवी युद्धातून हे दास्य संपले, त्या युद्धाकडे मात्र आपण सहसा दुरूनच पाहतो. लिंकन, मुक्तीचा जाहीरनामा, दक्षिणेचा पराभव, एवढ्यावर आपली ओळख थांबते. या लेखात आम्ही त्या युद्धातील एक लहानसा धागा घेतला आहे. दक्षिणेच्या सरकारला एक लोहमार्ग बांधायचा होता, त्यासाठी मजूर हवे होते, आणि मजूर म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची माणसे होती. त्यांना सक्तीने आणावे की नाही, यावर सरकार आणि मालक यांच्यात तीन वर्षे जो वाद चालला, तो गुलामगिरीचे अंतरंग जितके उघडे करतो तितके मोठमोठ्या लढायांची वर्णने करीत नाहीत, असे आम्हांस वाटते.

प्रथम भूगोल समजून घ्यावा. १८६१ मध्ये अकरा दक्षिणी राज्यांनी संघराज्यातून फुटून स्वतःचे निराळे 'कॉन्फेडरेट' राज्यमंडळ स्थापले आणि व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड ही त्याची राजधानी झाली. त्यांच्याकडे सुमारे ९,००० मैल लोहमार्ग होते. उत्तरेकडे त्याच्या दुपटीहून अधिक. त्यातही दक्षिणेचे मार्ग एकमेकांस जोडलेले नव्हते. मळ्यातला कापूस आणि तंबाखू जवळच्या बंदरात पोहोचावा, एवढ्याच हेतूने ते बांधले गेले होते. एका राज्याचे रूळ दुसऱ्या राज्याच्या रुळांना भिडावेत, ही कोणाची निकड नव्हती. उलट आपला व्यापार शेजाऱ्याच्या बंदराकडे वळेल, ही भीती होती. रुळांमधले अंतरसुद्धा सारखे नव्हते. व्हर्जिनियातील रिचमंड–डॅनव्हिल मार्ग पाच फुटी, तर नॉर्थ कॅरोलिनाचा मुख्य मार्ग चार फूट साडेआठ इंचांचा.

युद्ध सुरू झाल्यावर या तुटकपणाची किंमत कळली. १८६२ च्या उन्हाळ्यात जनरल ब्रॅग यांना आपले सुमारे ३०,००० सैनिक मिसिसिपीतील टुपेलोहून टेनेसीतील चॅटनुगा येथे न्यायचे होते. सरळ मार्ग शत्रूच्या हाती गेलेला, म्हणून त्यांना दक्षिणेस समुद्रकाठच्या मोबाइलपर्यंत खाली उतरून पुन्हा वर चढावे लागले. हा वळसा ७७६ मैलांचा होता. रिचमंडची स्थितीही नाजूक होती. दक्षिणेकडून राजधानीत येणारे प्रमुख मार्ग दोनच. एक किनाऱ्यालगत, विल्मिंग्टन आणि वेल्डनवरून. दुसरा पश्चिमेस डोंगरांतून, नॉक्सव्हिलवरून. आणि या दोहोंच्या मधोमध, आतल्या सुरक्षित भागात, व्हर्जिनियाचे डॅनव्हिल व नॉर्थ कॅरोलिनाचे ग्रीन्सबरो ही दोन गावे होती. दोन्हीकडे रेल्वे होती. मधला पन्नासेक मैलांचा पट्टा तेवढा मोकळा होता.

हा पट्टा भरून काढावा, असे राष्ट्राध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनी नोव्हेंबर १८६१ मध्ये आपल्या काँग्रेसला सुचविले. अडचण लगेच निघाली. व्यापारासाठी रस्ते, कालवे वगैरे बांधण्यावर मध्यवर्ती सरकारने पैसा खर्च करू नये, अशी तरतूद या नव्या राज्यमंडळाच्या घटनेत होती. तेव्हा मार्ग 'लष्करी निकडीचा' ठरवून फेब्रुवारी १८६२ मध्ये १० लाख डॉलरचे रोखे मंजूर झाले. काही सभासदांनी त्यालाही आक्षेप घेतलाच. नॉर्थ कॅरोलिनाने परवानगी दिली ती नाखुशीने, कारण या मार्गाने आपला माल व्हर्जिनियात जाईल हे त्या राज्याचे जुने दुखणे होते. कंपनीचे नाव 'पीडमाँट रेलरोड'. अंतर ४८ मैल. जमीन लाल मातीची, टेकड्यांची. बोगदे खणावे असे डोंगर नाहीत. शांततेच्या काळात असे काम फार कठीण गणले गेले नसते. प्रत्यक्षात पहिली गाडी धावण्यास मे १८६४ उजाडला.

उशिराचे एक कारण लोखंड. युद्धकाळात दक्षिणेत नवे रूळ तयारच झाले नाहीत. एका मार्गाचे रूळ उखडून दुसऱ्यावर घालावे लागत. पण रुळांआधी भराव हवा, भरावासाठी खोदकाम हवे आणि खोदकामाला माणसे हवीत. आमचा विषय ती माणसे आहेत.

दक्षिणेतील बहुतेक लोहमार्ग गुलामांनी बांधले. थोड्या कंपन्यांनी माणसे विकत घेतली होती; पण रूढ पद्धत भाड्याची होती. दर वर्षी १ जानेवारीच्या सुमारास मालक आपली माणसे वर्षभराच्या कराराने कंपनीला देत, नाताळात ती परत येत. भाडे मालकाला, अन्न-वस्त्र कंपनीकडे. हे करार वाचण्यासारखे असत. आमच्या माणसाला सुरुंगाच्या कामावर लावू नये, पाण्यात उभे करू नये, अशा अटी मालक त्यांत घालीत. ही भूतदया नव्हती. तरणा गडी हजार डॉलरांहून अधिक किमतीचा असे, आणि ती किंमत सुरुंगात उडू नये इतकाच हेतू असे. दक्षिणेत हिंडून आलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी लिहून ठेवले आहे की, दलदलीतले पाणी काढण्याचे काम एक मळेवाला मुद्दाम आयरिश मजुरांना देत असे. गुलामाचा जीव त्या कामात घालविणे त्याला परवडत नव्हते. आयरिश माणूस मेला तर मालकाच्या वहीत काही वजा होत नसे.

येथे बाबासाहेबांच्या लेखनाची आठवण होणे अपरिहार्य आहे. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी प्राचीन रोमचा दाखला दिला आहे. दलदलीच्या, हिवतापाच्या जमिनीवर गुलामांना लावू नये, असा सल्ला केटो रोमन शेतकऱ्यांना देतो. कारण गुलाम ही मालमत्ता आहे. गुलामाच्या जगण्यात मालकाचा स्वार्थ तरी असतो, अस्पृश्याच्या जगण्यात कोणाचाच नसतो, हा बाबासाहेबांच्या विवेचनाचा रोख. ओल्मस्टेडची नोंद आणि केटोचा सल्ला यांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे, पण हिशेब एकच आहे. मात्र लोहमार्गाच्या कामावर या हिशेबात एक फट पडते. येथे मालक दूर मळ्यावर आणि काम करून घेणारा मुकादम वा अभियंता कामावर. मालकाला माणूस वर्षानुवर्षे टिकायला हवा. अभियंत्याला आजचा भराव संध्याकाळपर्यंत पुरा हवा. भाड्याने दिलेल्या माणसाला मालकाच्या स्वार्थाचे तुटपुंजे कवचही उरत नाही. युद्धकाळातील वादाचे मूळ आम्हांला या फटीत दिसते.

युद्ध सुरू होताच मालकांनी हात आखडता घेतला. पीडमाँटच्या कामासाठी दोन्ही राज्यांतील मळेवाल्यांकडे मागणी झाली, भाडे देऊ केले गेले, तरी माणसे पुरेशी मिळेनात. मालकांची कारणे त्यांच्या तक्रारअर्जांतून कळतात. गहू-तंबाखूच्या हंगामात माणसे हलवली तर शेत बुडते. छावण्यांत राहण्याची सोय नाही, अन्न अपुरे, थंडीत अंगावर कपडा नाही. टायफॉइड आणि न्यूमोनिया यांनी माणसे मरतात. ठरलेले दिवस संपले तरी सोडत नाहीत. भाडे ज्या नोटांत मिळते त्यांची किंमत महिन्याला घसरते. आणि सर्वांत मोठे भय, जे अर्जांत कधी स्पष्ट तर कधी आडून येते : घरापासून दूर, अनोळखी माणसांत, युद्धाच्या बातम्या ऐकत राबणारा गुलाम पळून जाईल.

हे फक्त पीडमाँटपुरते नव्हते. अलाबामात सेल्मा ते मेरिडियन हा दुसरा तुटलेला दुवा जोडण्यास सरकारने दीड लाख डॉलरचे कर्ज दिले, तेथेही मळेवाले माणसे सोडायला तयार नव्हते. १८६२ च्या अखेरीस तो मार्ग कसाबसा जुळला, तरी टॉम्बिग्बी नदी नावेतूनच ओलांडावी लागे. जॉर्जियाचे रॉबर्ट टूम्ब्ज हे तर या राज्यमंडळाचे पहिले परराष्ट्रमंत्री. जून १८६२ मध्ये चॅटाहूची नदीवरील संरक्षणकामासाठी त्यांच्याकडे गुलाम मागितले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला.

राजीखुशीने मिळेनात म्हणून कायदा आला. ऑक्टोबर १८६२ मध्ये व्हर्जिनियाने आपल्या गव्हर्नरला संरक्षणाच्या कामांसाठी १०,००० पर्यंत गुलाम सक्तीने घेण्याचा अधिकार दिला. मुदत ६० दिवस, कोणत्याही परगण्यातून तेथील गुलामांच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही, आणि माणशी महिना १६ डॉलर. हे १६ डॉलर मालकाचे. त्याच सुमारास आघाडीवर गोळ्या झेलणाऱ्या साध्या गोऱ्या शिपायाचा पगार महिना ११ डॉलर होता. मार्च १८६३ मध्ये मध्यवर्ती काँग्रेसने सक्तीच्या वसुलीचा कायदा केला. त्यातही, ज्या शेतांत केवळ धान्य पिकते तेथून अगदी निकड असल्याखेरीज मालकाच्या संमतीविना गुलाम नेऊ नये, अशी मेख होती. फेब्रुवारी १८६४ च्या कायद्याने युद्धमंत्र्याला २०,००० पर्यंत गुलाम घेण्याची मुभा दिली, पण एका मालकाच्या पाच पुरुष गुलामांमागे एकाहून अधिक नाही. याच कायद्याने १८ ते ५० वयाच्या स्वतंत्र काळ्या पुरुषांनाही वेठीस धरले.

नेण्याआधी प्रत्येक माणसाची किंमत ठरवून लिहीत. तो मेला किंवा शत्रूकडे पळाला तर ती रक्कम मालकाला भरून द्यायची होती. मृताच्या बायकोचा किंवा आईचा उल्लेख कायद्यात कोठेही नाही.

आता याच्या शेजारी दुसरे कायदे ठेवून पाहावेत. एप्रिल १८६२ मध्ये दक्षिणेने गोऱ्या तरुणांची सक्तीची सैन्यभरती सुरू केली. गरीब शेतकऱ्याचा मुलगा त्याच्या बापाच्या संमतीविना उचलला जाऊ लागला. ऑक्टोबरमध्ये त्या कायद्यात सवलत आली : ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम आहेत, तेथील एका गोऱ्या माणसाला भरती माफ. म्हणजे मुलगा सक्तीने घेता येत होता. गुलाम घ्यायचा तर संमती, टक्केवारी, मुदत आणि भरपाई. श्रीमंतांनी पेटवलेले युद्ध गरिबांनी लढायचे, अशी कुरकुर तेथील गोऱ्या गरिबांत होती, ती उगाच नव्हती. तथापि या कुरकुरीने त्यांची नजर मालकांवर फारशी वळली नाही, हेही तितकेच खरे. आपल्याहून खाली कोणी आहे हे समाधान माणसाला किती आंधळे करते, हे जातिव्यवस्थेत वाढलेल्या वाचकाला आम्ही वेगळे सांगावे असे नाही.

सरकारची पंचाईत याहून खोल होती. गुलामांवरील मालकीहक्कास बाध येईल असा कोणताही कायदा करू नये, असे या राज्यमंडळाच्या घटनेतच लिहिले होते. ज्या मालमत्तेच्या रक्षणासाठी राज्य स्थापले, तीच मालमत्ता जबरीने घेतल्याशिवाय राज्य टिकत नव्हते. मालक म्हणत, घटना वाचा. सरकार म्हणे, रिचमंड पडले तर घटनाही पडेल आणि गुलामही जातील. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी तर्कशुद्ध होते. नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांच्यासारखे लोक राज्याच्या अधिकारांसाठी डेव्हिस सरकारशी सतत झगडत राहिले. इतिहासाच्या पुस्तकांत हा संघर्ष पुष्कळदा 'राज्यांचे हक्क विरुद्ध केंद्र' अशा भारदस्त नावाखाली येतो. आम्हांस ते नाव अपुरे वाटते. दोन पक्ष एका तिसऱ्या माणसाच्या हातांवर हक्क सांगत होते आणि त्या माणसाला कोणीच विचारीत नव्हते. मालकाने 'माझा माणूस थंडीत मरतो' असे लिहिले म्हणून त्याला दयाळू ठरविण्याचे कारण नाही. तरीही ते अर्ज जपून वाचले पाहिजेत. छावण्यांतल्या उपासमारीची आणि आजारांची साक्ष पुष्कळदा त्यांतूनच हाती लागते. वेठीची परंपरा आपल्याला परकी नाही. महार वतनाच्या नावाखाली सरकारी कामाला कोणत्याही वेळी धरून नेण्याची जी रीत होती, ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. तेथेही कागदोपत्री वाद 'वतना'चा होता.

ज्यांना विचारले गेले नाही, ते मात्र गप्प बसले नव्हते. मे १८६१ मध्ये, युद्धाला दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तिघे एका रात्री होडीतून निघून व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील फोर्ट मनरो या उत्तरेच्या किल्ल्यात पोहोचले. त्यांना दक्षिणेच्या तोफखान्याच्या बांधकामावर सक्तीने लावले होते. तेथील सेनापती बेंजामिन बटलर हे वकील. मालकाच्या वतीने माणूस परत मागायला आला, तेव्हा बटलर यांनी उत्तर दिले ते असे : गुलाम ही मालमत्ता असे तुम्हीच म्हणता, आणि ती युद्धात वापरता, तर युद्धाच्या नियमाने ती मी जप्त करतो. ऑगस्ट १८६१ मध्ये उत्तरेच्या काँग्रेसने याच धर्तीवर कायदा केला : दक्षिणेने युद्धकामावर लावलेल्या गुलामावर मालकाचा हक्क राहणार नाही. यातून विलक्षण परिणाम झाला. कुदळ-फावड्याच्या सक्तीनेच सुटकेचा दरवाजा किलकिला झाला. मालकांना सक्तीचे भय का वाटत होते, ते यावरून अधिक नीट उमगते. पुष्कळांनी आपली माणसे दूर टेक्सासपर्यंत हलवली. ही हलवाहलव म्हणजे अगणित कुटुंबांची ताटातूट होती.

उत्तरेचे हातही स्वच्छ नव्हते. टेनेसीतील नॅशव्हिल शहर ताब्यात आल्यावर १८६२ मध्ये तेथे फोर्ट नेग्ली हा किल्ला बांधायचा होता. शिपायांनी रस्त्यांतून, घरांतून, प्रार्थनामंदिरांतूनसुद्धा काळी माणसे उचलली. सुमारे २,७०० जण कामावर होते. त्यांतले किमान ६०० मृत्युमुखी पडले. मजुरी मिळाली ती मोजक्याच लोकांना. मुक्तीसाठी लढणारी सेना मुक्त होऊ घातलेल्यांनाच वेठीला धरत होती. जोतीरावांनी ज्या लोकांना ग्रंथ अर्पण केला त्यांच्या कार्याचे मोल याने कमी होत नाही, पण आपण तो इतिहास पूर्ण वाचला पाहिजे.

त्याच नॅशव्हिलहून पश्चिमेस टेनेसी नदीपर्यंत ७८ मैलांचा 'नॅशव्हिल अँड नॉर्थवेस्टर्न' मार्ग पुरा करण्याचे काम ऑक्टोबर १८६३ मध्ये लष्करी गव्हर्नर अँड्र्यू जॉन्सन यांच्याकडे आले. हाही युद्धाचाच लोहमार्ग, आणि राबणारे हातही काळेच. येथे मात्र एक फरक पडला. या मार्गावर १२ वी आणि १३ वी काळी पायदळ पलटण नेमली गेली. हे लोक भराव घालीत, झाडे तोडीत, पूल उभारीत आणि त्याच वेळी बंदुका घेऊन मार्गाचे रक्षण करीत. त्यांचा पगार गोऱ्या शिपायाहून कमी होता. तो सारखा करण्याचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. पण पगार त्यांचा स्वतःचा होता.

योगायोग असा की हा मार्ग आणि पीडमाँटचा मार्ग, दोन्ही मे १८६४ मध्येच सुरू झाले. पीडमाँटचे काम घाईचे आणि कच्चे होते, तरी ऑगस्टमध्ये पीटर्सबर्गजवळ वेल्डनचा मार्ग तुटल्यावर ली यांच्या सैन्याची भाकरी मुख्यतः त्यावरून येऊ लागली. नोव्हेंबरमध्ये डेव्हिस यांनी सरकारने ४०,००० गुलाम घेऊन त्यांना लष्करी श्रमासाठी वापरावे आणि निष्ठेच्या सेवेनंतर मुक्त करावे, अशी सूचना मांडली. १३ मार्च १८६५ ला गुलामांना शिपाई करण्याचा कायदासुद्धा झाला. त्यातही मालकाची संमती होतीच. तीन आठवड्यांत रिचमंड पडले. २ एप्रिलच्या रात्री डेव्हिस सरकार आगगाडीत बसून डॅनव्हिलला आले. ली शरण गेल्याची वार्ता आल्यावर १० तारखेच्या रात्री तेथूनही निघाले आणि पीडमाँटच्या त्या अठ्ठेचाळीस मैलांवरून ग्रीन्सबरोस गेले.

तो मार्ग आजही वापरात आहे. ज्यांनी तो खणला त्यांचा माग काढायचा तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील वेतनपत्रके पाहावी लागतात. दक्षिणेच्या सरकारने सक्तीने वा भाड्याने घेतलेल्या गुलामांची अशी हजारो पत्रके तेथे जतन आहेत. रकाने आखलेले आहेत : मालकाचे नाव, गुलामाचे नाव, कामाचे स्वरूप, दिवस, दर, एकूण रक्कम. गुलामाचे नाव बहुधा एकेरी, आडनावाविना. जॉन, पीटर, आयझॅक. शेवटचा रकाना पैसे मिळाल्याच्या सहीचा असतो आणि तेथे मालकाची किंवा त्याच्या मुनिमाची सही असते.

१३ व्या काळ्या पलटणीची भरतीपत्रकेही त्याच अभिलेखागारात आहेत. ही पलटण १६ डिसेंबर १८६४ रोजी नॅशव्हिलच्या लढाईत ओव्हरटन टेकडीवर चालून गेली आणि सुमारे अर्ध्या तासात तिचे २२० लोक मेले किंवा जखमी झाले. त्या पत्रकांत माणसाचे नाव आणि आडनाव दोन्ही लिहिलेली असतात. सहीच्या जागी, लिहिता न येणाऱ्यांनी, स्वतःच्या हाताने फुली केलेली असते.